रुमालाखालचा भाव

कचरूमामांना एक खोड होती. समोर काहीही आलं, की ते आधी त्याची किंमत करायचे. बैल असो, म्हैस असो, कुणाचा जावई असो नाहीतर मतं मागायला आलेला पुढारी असो, मामा डोळे बारीक करून त्याला पायापासून वर बघत जायचे आणि बहुतेक वेळा मान हलवून बाजूला थुंकायचे.

चाळीस वर्षं बदनापूरच्या बैलबाजारात दलाली केलेला माणूस. बैलानं दहा पावलं टाकली, की बैलाचं वय, बैलाची खोड आणि विकणाऱ्याची नड, तिन्ही मामांच्या ध्यानात यायचं. मग खांद्यावरचा लाल चौकटीचा रुमाल पसरायचा, त्याखाली समोरच्याचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा त्या दोघांतच राहायचा. पटलं नाही तर समोरचा हात काढून घेई, पटलं तर हात तसाच राही. खोड मोठ्यानं सांगायची आणि भाव रुमालात, हा बाजाराचा कायदा. चाळीस वर्षांत मामांनी एकदाही भाव तोंडानं उच्चारला नव्हता आणि एकदाही त्यांचा अंदाज चुकला नव्हता. निदान ते तसं सांगत, आणि बाजारात ते खोडून काढणारा कुणी नव्हता.

अशा माणसाला धर्मराज गाडी बघायला घेऊन गेला, ही त्याची पहिली चूक. नेऊन मामांचं ऐकलं नाही, ही दुसरी.

धर्मराज हा मामांच्याच गावचा, तळणवाडीच्या पाटील घरातला. हायवेला सळई-सिमेंटची दोन दुकानं, वर प्लॉटिंगचा धंदा. हाताला बोटं पाच आणि अंगठ्या सहा. आदल्या वर्षी त्यानं दावणीची शेवटची लाल कंधारी बैलजोडी विकली. अंगणात शेणाचा वास येतो, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. जोडी कचरूमामांनीच विकून दिली आणि ती घेतली धर्मराजच्याच चुलतभावानं, भारतनं. तेव्हा धर्मराजला त्यात काही वाटलं नाही. वाटलं ते पोळ्याला.

तळणवाडीत पोळ्याच्या दिवशी वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्याखालून पहिलं जनावर पाटील घराचं जातं, मग बाकीच्या गावाचं. मान घराचा असला तरी रिकाम्या हातानं घेता येत नाही, जनावर लागतं. त्या वर्षी धर्मराजकडे जनावर नव्हतं. तो पांढरे कपडे घालून वेशीजवळ उभा राहिला आणि त्याच्याच घरात वाढलेली जोडी भारतच्या हातानं त्याच्यासमोरून गेली. त्यातल्या एका बैलानं ओळखीनं धर्मराजच्या खांद्याला तोंड घासलं. सगळी वेस हसली. ते हसणं या माणसानं वर्षभर उराशी धरून ठेवलं, आणि त्यावर उपाय काय काढला, तर स्पोर्ट्स कार.

म्हणजे बैल घ्यावा, चार महिने चारावा, असं कुणाही शहाण्या माणसाला सुचलं असतं. पण याला सुचली गाडी. ट्रॅक्टर पाच वर्षांपासून तोरणाखालून जातात, मग गाडीनं काय घोडं मारलंय? त्यानं गावातल्या चार जाणत्यांना जेवू घातलं आणि ही गोष्ट कबूल करून घेतली. जाणत्यांनी जेवणावर ताव मारला, पण एक अट जुनीच ठेवली. मानाचं जनावर एका दमात तोरणाखालून गेलं पाहिजे. अडलं किंवा माघारी फिरलं, तर मान पुढच्याचा. गाडीलाही तेच.

गुढीपाडवा होऊन पंधरा दिवस झाले असतील. गाडीच्या कंपनीची माणसं पुण्याहून दोन दिवसांसाठी जालन्यात आली होती. मंठा रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाच्या लॉनवर त्यांनी एक गाडी आणून ठेवली होती आणि शहरातल्या पैसेवाल्यांना बोलावणं धाडलं होतं. धर्मराज मामांना म्हणाला, "मामा, तुमच्या डोळ्याला तोड न्हाई. भाव पाडून द्या. चला जल्दी."

लॉनवर लाल सतरंजी, त्यावर पिवळी गाडी, भोवती कलफ केलेली माणसं. तृप्ती नावाची एक तरतरीत मुलगी गाडीची माहिती सांगत होती. मामांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मग सरळ नाकापुढे उकिडवे बसले आणि मूठ वळून गाडीच्या नाकाखाली घातली. मूठ घासून आत गेली.

"मामा, काय करून राह्यले? उठा!" धर्मराज दातओठ खात म्हणाला.

"मूठभर," मामा म्हणाले. "भाऊ, तुमच्या वेशीतला गतिरोधक मुठीच्या वर दोन बोटं हाये. रोज ढोरं घेऊन जातो मी त्याच्यावरून."

हा गतिरोधकही धर्मराजचीच करणी. वेशीवर त्यानं स्वतःच्या वाढदिवसाचा, स्वतःला शुभेच्छा देणारा, स्वतःच्याच खर्चानं केलेला भलामोठा बोर्ड लावला होता. लोक त्याखालून भरकन निघून जायचे. कुणी वर बघायचं नाही. म्हणून पठ्ठ्यानं वेशीत असा उंच गतिरोधक घालून घेतला, की माणसाला थांबावंच लागावं आणि थांबल्यावर बोर्ड वाचावाच लागावा.

तृप्ती मात्र मामांकडे बघून हसली नाही. ती म्हणाली, "काका बरोबर सांगतायत, सर. आपल्याकडचे रस्ते बघता एक ऑप्शन मी आधी सुचवेन. आत एक बटण असतं. ते दाबलं की गाडीचं नाक वर उचललं जातं, साधारण दोन बोटंच. गतिरोधक पार झाला की परत खाली."

"केवढ्याला?"

"तीन लाख, सर."

धर्मराजनं थोडा विचार केला. मग विचारलं, "बाहेरून दिसतं का ते?"

"नाही सर. कुणाच्या लक्षातही येत नाही."

"मंग कशाला? सोडा."

मग खरेदी सुरू झाली. तृप्तीनं एक पेटी उघडली. त्यात कातड्याचे तुकडे, रंगाचे तुकडे, दोऱ्यांची रिळं. गाडीची मूळ किंमत एक कोटी साठ लाख. आता वर काय काय हवं ते निवडायचं. धर्मराज पेटीवर असा वाकला, की पोळ्याच्या बाजारात गोंडे निवडणारा माणूस बरा. सीटचे पट्टे काळे फुकट होते, पिवळे लाखाला. त्यानं पिवळे घेतले. चाकाच्या आत ब्रेकचा जो भाग असतो तो रंगवून अडीच लाख. त्यानं रंगवून घेतला. गाडीची किल्ली गाडीच्याच रंगाची पाहिजे, त्याचे साठ हजार. दार उघडलं की उंबऱ्यावर उजेडात नाव दिसतं, त्याचे वेगळे. आणि डोकं टेकायच्या उशीवर कंपनीचं चिन्ह शिवून मिळतं असं कळल्यावर त्यानं विचारलं, तिथं 'धर्मराज' असं शिवता येईल का? तृप्ती म्हणाली, येईल. चारही उशांवर? हो सर, चारही. मागच्या दोन सीटांवर तर शेळीसुद्धा नीट बसली नसती, पण तिथंही धर्मराज.

"हे घड्याळ कशाचं?" मामांनी विचारलं.

"वेग मोजायचं, काका. चार सेकंदांत शंभरचा वेग."

"चार सेकंदात बदनापूरच्या बाजारातून कुठं जायचं, बाई? वड्याच्या गाड्यात?"

आजूबाजूचे दोघेतिघे फिस्कन हसले. धर्मराजच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तोवर ऑप्शनचा आकडा चौतीस लाखांवर गेला होता. चौतीस लाखांची झूल! आणि तीन लाखांच्या बटणाला हा माणूस नको म्हणाला होता.

तरी मामा आपलं काम विसरले नाहीत. भाव पाडायला आणलंय तर पाडला पाहिजे. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, डाव्या हातावर पसरला आणि उजवा हात त्याखालून तृप्तीपुढे केला. "या बाई. हात द्या. बोलू."

पोरगी गोंधळली. तिनं हात पुढं केलाही असता. पण त्याआधी धर्मराजनं झटकन रुमाल ओढून खाली सतरंजीवर टाकला.

"काढा तो फडका! ढोरांचा बाजार हाये का हा? इथं चोरावानी फडक्याखाली भाव करत न्हाईत. इथं भाव छापलेला असतो!"

सगळं लॉन बघत होतं. मामा खाली वाकले, रुमाल उचलला, झटकला. छापलेला भाव काहीएक न बोलता देणारा आणि वर त्याचा अभिमान बाळगणारा माणूस त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितला होता. त्यांना राग आला, पण रागापेक्षा किळस जास्त आली.

"समजलं," ते म्हणाले. "मूळ भाव त्यांनी छापायचा अन् वाढवायचं काम गिऱ्हाइकानं करायचं. झ्याक हाये बाजार. पण भाऊ, एक सांगतो. ही गाडी तुमच्या वेशीतून जात न्हाई."

"अन् गेली तर?"

"गेली तर हा रुमाल तुमच्या बोर्डाला बांधीन अन् घरी बसीन. पुन्हा बाजारात पाय ठेवणार न्हाई."

"बराबर! सगळे ऐकून ठेवा," धर्मराज ओरडला.

सगळ्यांनी ऐकून ठेवलं. धर्मराजनं तर ते पार शहागडपर्यंत पोचवलं. कचरूमामानं गाडीचे दात मोजायला बघितले, मामाला आता ढोर आणि मोटार यांतला फरक कळत नाही, असं तो दुकानात बसून येईल त्याला सांगायचा. लोक हसायचे. हसणं मामांना नवीन नव्हतं. पण हळूहळू दुसरंच काही व्हायला लागलं. बाजारात दोन माणसं बैलापाशी अडून बसली की पूर्वी हाक यायची, "कचरूमामाला बोलवा." आता हाक यायची बंद झाली. यायची ती चेष्टा. दलालाकडे दुसरं असतं काय? वावर नाही, दुकान नाही. माणसं त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवतात, एवढीच त्याची इस्टेट. ती झिजायला लागली होती.

मामांची बायको कांताबाई एक दिवस चिडून म्हणाली, "कुणी सांगितल्ती पैज लावायला? उद्या गाडी गेली तर काय खायचं, रुमाल?" मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "धर्मराजची उषाबाई भेटल्ती. ती नवऱ्याला म्हणली, तो गतिरोधक फोडून टाका, उगं नाट नको. तर म्हणतो, फोडला तर गाव म्हणंल कचरू खरा होता."

मामांनी ते ऐकलं आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

गाडी श्रावणात आली. ती ट्रकवर चढवून आणली, बदनापूरच्या दुकानासमोर उतरवली आणि ताडपत्रीखाली झाकून ठेवली. गावात एकदाही नेली नाही. पहिला प्रवेश तोरणाखालूनच, असा हुकूम. स्वतःच्या गाडीला स्वतःचा गतिरोधक एकदा दाखवून आणावा, एवढीही अक्कल त्याला सुचली नाही. पैसा आला की माणसाला अंदाज घ्यायची लाज वाटायला लागते.

पोळ्याच्या दिवशी चार वाजता सगळं गाव वेशीत होतं. भारतची जोडी शिंगं रंगवून, पाठीवर झुली टाकून एका बाजूला उभी होती. तिच्यामागे बाकीच्यांचे बैल, मग ट्रॅक्टर. मामा वेशीच्या कडेला रुमाल खांद्यावर घेऊन उभे होते. लोक गाडीची वाट बघत होते, पण बघत होते मामांकडे. मामांच्या मनात एकच होतं. या गड्यानं गुपचूप ते बटण घेतलं असेल तर? बाहेरून दिसत नाही, असं ती पोरगी म्हणाली होती. मग गाडी सुळकन निघून जाईल आणि चाळीस वर्षं त्या बोर्डाला लटकतील. त्यांनी आयुष्यात इतकी भीती कधी खाल्ली नव्हती, मारक्या वळूसमोरसुद्धा नाही.

रस्त्याच्या वळणावर गुरगुर ऐकू आली. हा जास्तीचा आवाजही वेगळे पैसे मोजून घेतलेला. पिवळी गाडी आली. पुढं झेंडूचा हार, टपावर बैलाचं बाशिंग चिकटपट्टीनं चिकटवलेलं. आत धर्मराज, शेजारी नव्या लुगड्यावर पिवळा पट्टा करकचून बांधलेली उषाबाई, तोंड पाडून. ढोल वाजायला लागले. भारतचे बैल कान टवकारून बघायला लागले.

धर्मराजनं काच खाली केली, मामांना बघितलं आणि म्हणाला, "रुमाल काढून ठेवा, मामा."

आणि गाडी सरळ वेशीत घातली.

आधी कर्रर्र आवाज आला. मग काहीतरी कडाकडा मोडलं. पुढची चाकं गतिरोधक चढून पलीकडे उतरली आणि गाडीचं पोट त्यावर बसलं. नाक तोरणाखाली, बूड वेशीबाहेर, आणि बरोबर वर बोर्डावरचा धर्मराज हात जोडून सगळ्यांना शुभेच्छा देत होता. खालच्या धर्मराजनं गाडी रेटली. मागची चाकं जागच्या जागी फिरली, रबराचा जळका वास सुटला आणि ढोल एकेक करून थांबले. मग तो हसण्याचा आवाज उठला. गेल्या वर्षीचा काहीच नव्हता, असा.

चार सेकंदांत शंभरावर जाणारी गाडी पाऊण तास जागेवर होती. शेवटी दहा जणांनी उचलून ती मागे काढली. मागे. जाणत्यांपैकी एक पुढे झाला, त्यानं तोरण सारखं केलं आणि भारतला खूण केली. बैल डौलात गेले, गतिरोधकावरून खूर टाकत, जसे रोज जातात तसे. उषाबाई गाडीतून उतरून त्यांच्या मागोमाग चालत घरी गेली. ती बाई शहाणी.

मामा हसले नाहीत. ते पाराच्या कडेला टेकले आणि रुमालानं तोंड पुसलं.

पुढच्या बाजाराला पहाटेपासून मामांच्या नावानं हाका सुरू झाल्या. ज्यांनी चेष्टा केली तेच आधी आले. मामांनी सगळ्यांचे सौदे केले, कुणाला काही बोलले नाहीत, फक्त दलाली जरा चढी घेतली.

दुपारच्या सुमाराला बाजारातली कुजबुज थांबली. शेणातून बूट उचलत, धोतरटोप्यांतून वाट काढत धर्मराज येत होता. अंगठ्या होत्या, पण चेहऱ्यावरची मस्ती नव्हती. तो मामांसमोर येऊन उभा राहिला आणि कडेचे सगळे आपसूक गोल जमले.

"गाडी काढायची हाये, मामा," तो हळूच म्हणाला. "गावात नेता येत न्हाई, दुकानाच्या दारात ठेवली तर येणारा जाणारा हसून राह्यलाय. गिऱ्हाईक बघा. अन् एक चांगली जोडीबी बघून ठेवा. पुढच्या पोळ्याला."

"गिऱ्हाईक आणतो की. पण खोडी सांगाव्या लागतील." मामांनी कायद्याप्रमाणे आवाज चढवला. "नाक मोडलंय. पोट घासलंय. चारी उशांवर दुसऱ्याचं नाव शिवलंय, त्याच्यावर डोकं कोण टेकवंल? उंबऱ्यावर नाव, ते काढायचा खर्चा वेगळा. पिवळे पट्टे, पिवळी किल्ली, हे तुमच्या हौसेचं, त्याला बाजारात मोल न्हाई."

प्रत्येक खोडीला धर्मराजची मान खाली जात होती. "बरं, बरं. भाव सांगा. रुमाल टाका."

मामा थांबले. या क्षणासाठी ते चार महिने जळत होते. "रुमाल कशाला, भाऊ? चोरावानी? तुमचा भाव छापलेला असंल की. सांगू का मोठ्यानं?"

धर्मराजनं भोवती बघितलं. सगळा बाजार कान देऊन उभा होता. त्याचा आवाज फाटला. "मामा, पाया पडतो. लोक बघून राह्यलेत. टाका."

एक आकडा, बस. मोठ्यानं उच्चारला असता तर संध्याकाळच्या आत तो जालन्यात पोचला असता. मामांच्या जिभेवर आलाही होता. पण चाळीस वर्षांत जे केलं नाही ते या माणसासाठी मोडायचं? तेवढी त्याची लायकी नव्हती. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, सतरंजीवर पडलेला तोच, आणि दोघांच्या हातांवर पसरला. आतला हात घामानं ओला होता. मामांनी बोटं दाबली. एकदा, मग सावकाश दुसऱ्यांदा.

धर्मराजचा चेहरा पांढरा पडला. मोजले त्याच्या निम्मेही नव्हते. "एवढेच? मामा, अजून एक बोट वाढवा की."

"वाढवलं असतं," कचरूमामा म्हणाले, आणि हे मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ते न दिसणारं बटन असतं तर वाढवलं असतं."

गर्दीत कुणी हसलं नाही. सगळे रुमालाकडे बघत होते, आतला हात निघतो का ते. धर्मराजनं हात काढला नाही.